साइट पडली, पण कशाने?

१४ सप्टेंबर २०२३ रोजी गूगलने ‘हेल्पफुल कंटेंट अपडेट’ नावाचा बदल आपल्या शोधयंत्रात सोडायला सुरुवात केली आणि २८ सप्टेंबरला तो पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्या वर्षी गणपती बसले १९ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी आली नेमकी २८ तारखेला. जगभरातल्या कितीतरी छोट्या साइट्स त्या पंधरवड्यात कोसळत होत्या, तेव्हा आरत्या, अथर्वशीर्ष, उकडीचे मोदक, ऋषिपंचमीची भाजी आणि गौरींचा नैवेद्य यांवर चालणाऱ्या मराठी साइट्सचे आलेख वर चढत होते. त्यांतल्या ज्यांना फटका बसला त्यांना तो दिसलाच नाही. विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, वाचक कमी झाले. ते दर वर्षीच होतात, म्हणून कुणी काळजी केली नाही. १५ ऑक्टोबरला घट बसले आणि नवरात्राच्या नऊ रंगांच्या पानांवर जी झुंबड उडायला हवी होती ती उडाली नाही, तेव्हा कुठे लोक जागे झाले. तोवर गूगलचे आणखी दोन बदल सुरू झाले होते, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत त्यांत आणखी दोनांची भर पडली. कुठल्या बदलाने आपल्याला खाली ओढलं हे शोधायचं तर त्या दोन महिन्यांचा गुंता उकलावा लागत होता.

अशा वेळी येणाऱ्या फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. “अहो, गूगलने आमची साइट पाडली. काय करायचं ते सांगा.” दुसऱ्या वाक्यात कळतं की करायला केव्हाच सुरुवात झालेली आहे. थीम बदलली आहे, जुने लेख उडवले आहेत, कुणाच्या तरी सांगण्यावरून नवा प्लगइन घातला आहे आणि ‘महिन्याभरात पहिल्या पानावर’ अशी हमी देणाऱ्याला आगाऊ पैसेही पोचले आहेत. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात वर्षानुवर्षं लिहून ठेवलं आहे. तरीही घाबरलेला माणूस पैसे देतो, आणि त्याला दोष देणं मला जमत नाही. घर त्या साइटवर चालत असतं.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, की सावरायचं काम सुरू होतं ते पडण्याचं कारण नावानिशी सांगता आलं म्हणजे. त्याआधी घाईने केलेला प्रत्येक बदल पुरावा पुसून टाकतो. थीम, लेख, पत्ते, जाहिराती असं सगळं एकाच आठवड्यात हलवलं की पुढे साइट वर आली तरी कशाने आली ते कळत नाही, आणि आणखी खाली गेली तरी कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: साइट खरंच पडली आहे का?

गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन सोळा महिन्यांची आकडेवारी दाखवतं. त्यात यंदाचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहायची सोय आहे आणि बहुतेक जण तेच करतात. मराठी साइटसाठी ही तुलना धोक्याची आहे, कारण आपला वाचक तिथीने येतो आणि सर्च कन्सोल तारखेने मोजतं. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ती १९ सप्टेंबरला गेली. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांची तुलना केली तर एकीकडे ऐन गणेशोत्सव आणि दुसरीकडे श्रावणाचे शेवटचे दिवस. काहीही बिघडलेलं नसताना वाचक निम्म्याहून कमी दिसले तरी नवल नाही. हाच सापळा पुन्हा येतो: २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ चे १४ सप्टेंबरला. पंचांग शेजारी ठेवून, चतुर्थी ते चतुर्थी, घटस्थापना ते घटस्थापना अशी तुलना केल्याशिवाय घसरणीबद्दल एक शब्दही बोलू नये. परदेशी मार्गदर्शकांत ही गोष्ट कुणी सांगणार नाही. ती आपणच ध्यानात ठेवायची.

काही वेळा मोजमापच बदललेलं असतं. सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर असंख्य साइट्सच्या सर्च कन्सोलमधली इंप्रेशन्स, म्हणजे आपला दुवा शोधाच्या निकालांत किती वेळा दाखवला गेला तो आकडा, एकाएकी खाली आली. सरासरी क्रमांक मात्र सुधारलेला दिसत होता आणि क्लिक जवळपास तेवढेच होते. त्याच सुमारास गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची जुनी सोय बंद केली होती. क्रमांक मोजणारी यंत्रं ती सोय वापरून खोलवरचे निकाल उचलत आणि त्यांचीही मोजणी इंप्रेशन्समध्ये होत असावी, असं या क्षेत्रातल्या बहुतेकांचं अनुमान आहे. ज्यांनी फक्त इंप्रेशन्सची रेघ पाहिली त्यांना साइट बुडाल्यासारखी वाटली. ज्यांनी क्लिक, इंप्रेशन्स आणि क्रमांक या तिन्ही रेघा एकत्र पाहिल्या, त्यांना वाचक जागेवरच आहेत हे पाच मिनिटांत कळलं.

या तीन रेघांचं वाचन ज्याला जमलं त्याला बरंच काही जमलं. क्रमांक तसाच, इंप्रेशन्स कमी: लोकांनी तो प्रश्न विचारणंच कमी केलं आहे. क्रमांक घसरला आणि बाकीचं त्यामागे गेलं: गूगलचं आपल्याबद्दलचं मत बदललं आहे. क्रमांक आणि इंप्रेशन्स दोन्ही जागेवर पण क्लिक गेले: निकालांच्या पानावर आपल्या वर काहीतरी नवं येऊन बसलं आहे. गूगलमधल्या डॅनियल वाइसबर्ग यांनी २०२१ मध्ये घसरणीच्या आलेखांचे आकार रेखाटून दाखवले होते. एका दिवसात कडा कोसळावा तशी उभी रेघ असेल तर तांत्रिक बिघाड किंवा दंड यांचा संशय घ्यावा, आणि रेघ हळूहळू उतरत असेल तर अल्गोरिदम किंवा लोकांची बदललेली आवड. आकारावरून निदान पक्कं होत नाही, पण तपास कुठून सुरू करायचा ते ठरतं.

घसरणीचा पहिला प्रकार म्हणजे आपल्याच साइटवरचा तांत्रिक बिघाड. उभी रेघ दिसली की मी आधी आपल्याच माणसांना विचारतो: त्या आठवड्यात साइटवर काय काय केलं? उत्तर सुरुवातीला ‘काहीच नाही’ असं असतं. मग कुणाला तरी आठवतं, की होस्टिंग बदललं, नवं रूप चढवलं, कुणा डेव्हलपरने चाचणीची प्रत मूळ जागी आणली. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये वाचनाच्या विभागात एक छोटी चौकट असते. ती टिचकवली की शोधयंत्रांना ‘ही साइट नोंदवू नका’ असा निरोप जातो. साइट बांधत असताना ती टिचकवलेली असणं योग्यच. साइट खुली करताना ती काढायची राहून गेली तर पानं एकेक करून शोधातून नाहीशी होतात, आणि मालक मात्र महिनाभर गूगलच्या नव्या अपडेटबद्दल वाचत बसतो.

देवनागरीत पत्ते ठेवणाऱ्या साइट्सची एक वेगळी अडचण आहे, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यातून पानाचा पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगवेगळं, संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका काना-वेलांटीला नऊ चिन्हं. पत्त्यासाठी वर्डप्रेसकडे जागा असते दोनशे चिन्हांची. ‘उकडीचे मोदक करण्याची पारंपरिक पद्धत’ असा साधासरळ मथळा घ्या. हिशेब मांडला तर एकवीस चिन्हं आणि तीन जोडरेघा मिळून एकशे ब्याण्णव होतात, बाविसाव्या चिन्हाला जागा उरत नाही, आणि पत्ता ‘उकडीचे-मोदक-करण्याची-पार’ एवढ्यावर तुटतो. वर्डप्रेसमध्ये आहात तोवर याने काही बिघडत नाही. पण उद्या साइट दुसऱ्या प्रणालीवर नेली आणि तिने मथळ्यावरून पूर्ण लांबीचा नवा पत्ता बनवला, की गूगलला ठाऊक असलेलं ‘पार’वालं पान नाहीसं होतं. त्या पत्त्यावर ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही. दहा वर्षांत त्या मोदकांच्या पानाने कमावलेली सगळी पत त्या तुटक्या पत्त्याच्या नावावर असते.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे आणि हमखास आहे. जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी काढायची, शेजारी नवे पत्ते लिहायचे आणि एकेका जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण लावायचं. धंद्यात याला ‘३०१ लावणं’ म्हणतात. हे वळण किमान वर्षभर काढू नये, असं गूगल सांगतं. मी म्हणेन की शक्य तोवर कधीच काढू नये. सगळ्या पानांना मुखपृष्ठावर वळवून मोकळं व्हायचा मोह अनेकांना होतो. त्याने काही साधत नाही, कारण मोदकांची कृती मागणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवणं म्हणजे पान नाही असं सांगण्यासारखंच आहे, आणि गूगलही ते तसंच धरतं. पत्ताच काय, मजकूरच शोधयंत्राला वाचता येत नसे असाही एक काळ होता. आपल्या वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या साइट्स स्वतःच्या खास फाँटमध्ये असत. तो मजकूर शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसे. पुढे युनिकोड आलं, नवा मजकूर शोधात आला. जुन्या अंकांपैकी जे रूपांतर न करता मागे सोडलं ते मात्र आजही कुणाला शोधून सापडत नाही. रँकिंग गेलं असं आपण म्हणतो तेव्हा ते मिळालेलं तरी असतं. या मजकुराला ते कधी मिळालंच नाही.

दुसऱ्या प्रकारची घसरण म्हणजे दंड. गूगलचा एखादा माणूस साइट तपासतो, नियम मोडल्याचं ठरवतो आणि साइटला खाली ढकलतो. याला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात, आणि सर्च कन्सोलमध्ये त्याची स्पष्ट नोटीस येते. नोटीस नसेल तर दंडही नाही, आणि दंड नसेल तर दंडमाफीचे अर्ज लिहिण्यात अर्थ नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने काढून टाकली होती, कारण शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं असा प्रकार तिथे चालला होता. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड सीगल यांनी जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची गोष्ट लिहिली. असंबद्ध साइट्सवर हजारो दुवे पेरून ती कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत सगळ्या शोधांत वर बसली होती. वार्ताहराने गूगलला विचारणा केली आणि कारवाई झाली. संध्याकाळी सात वाजता सॅम्सोनाइटच्या बॅगांच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली जेसी पेनी रात्री नऊ वाजता एकाहत्तराव्या क्रमांकावर होती.

पण सावरण्याचं सगळ्यात बोधक उदाहरण रॅप जीनियसचं आहे. गाण्यांच्या शब्दांवर टिपा देणारी ही न्यूयॉर्कची साइट २०१३ च्या नाताळला गूगलने खाली ढकलली. स्वतःचं नाव शोधलं तरी मुखपृष्ठ पहिल्या पानावर येईना. कारण उघड होतं. जस्टिन बीबरच्या गाण्यांचे दुवे आपल्या लेखाखाली लावा, आम्ही तुमच्या लेखाचा प्रचार करू, अशी देवाणघेवाण ते करत होते आणि त्यांचंच एक पत्र चव्हाट्यावर आलं होतं. संस्थापकांनी चूक लपवली नाही. त्यांनी ठिकठिकाणच्या याद्या एकत्र करून आपल्याकडे येणाऱ्या सुमारे १ लाख ७८ हजार पत्त्यांची एक यादी केली. एवढी पानं हाताने तपासणं अशक्य होतं, म्हणून ती सगळी उतरवून घेणारा आणि त्यांतले संशयास्पद दुवे वेगळे काढणारा प्रोग्राम लिहिला. मग त्या त्या साइटच्या मालकांना पत्रं लिहून दुवे काढायला लावले. जे निघेनात ते ‘आमच्या खात्यात धरू नका’ असं गूगलला कळवलं. ४ जानेवारी २०१४ रोजी, दहा दिवसांत, ते परत आले, आणि आल्यावर त्यांनी हे सगळं काम कसं केलं ते तपशीलवार लिहून प्रसिद्ध केलं.

एवढ्या लवकर परत येणं सगळ्यांना मिळत नाही, अशी तक्रार तेव्हाही झाली, आणि ती रास्त होती. मोठ्या गुंतवणूकदारांचं पाठबळ असलेल्या कंपनीकडे दिवसरात्र राबणारे अभियंते असतात. सांगलीतल्या एकट्या माणसाकडे ते नसतात. तरीही त्यांच्या कामाचा क्रम कुणालाही उचलता येतो: आरोप काय आहे ते समजून घ्या, सगळा माल मोजा, वाईट वेगळा करा, काढा, काय काढलं ते दाखवा. दंडाच्या बाबतीत ठोठवायला एक दार असतं आणि ते उघडणारा माणूस असतो.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे अल्गोरिदमच्या बदलात, दारच नसतं.

२४ फेब्रुवारी २०११ च्या सुमारास गूगलने जो बदल सोडला त्याने अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल हलले. नवनीत पांडा या गूगलमधल्याच अभियंत्याच्या नावावरून त्याला पांडा म्हणतात. उथळ मजकुराचे कारखाने हे त्याचं लक्ष्य होतं. त्यात इतरही सापडले, आणि ओरड झाल्यावर मूळचे झाशीचे, तेव्हा शोधविभागाची धुरा वाहणारे अमित सिंघल यांनी त्या मे महिन्यात साइटच्या मालकांसाठी प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. या लेखातल्या माहितीवर तुम्ही विश्वास ठेवाल का? हा लिहिणारा विषयातला जाणकार आहे का? थोडेफार शब्द बदलून एकाच विषयावरची अनेक पानं साइटवर आहेत का? या साइटला तुमच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्याल का? या यादीला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मते यापेक्षा चांगली यादी अजून कुणी केलेली नाही. मात्र ती वाचून साइट सुधारली म्हणजे क्रमांक परत येतो असं वचन तेव्हाही कुणी दिलेलं नव्हतं.

वाट पाहण्याचा काळ किती क्रूर असू शकतो ते पेंग्विनने दाखवलं. खोट्या दुव्यांविरुद्धचा हा बदल एप्रिल २०१२ मध्ये आला. त्याची चाळणी अधूनमधूनच फिरवली जाई, आणि एकदा अडकलेली साइट पुढच्या फेरीपर्यंत सुटत नसे. ऑक्टोबर २०१४ नंतरची फेरी आली थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं. ज्यांनी पहिल्याच महिन्यात सगळी घाण साफ केली होती तेही तिथेच ताटकळत राहिले.

आता पुन्हा २०२३ कडे येतो. हाउसफ्रेश ही हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची परीक्षणं करणारी छोटी साइट आहे. जिझेल नवारो आणि डॅनी ॲश्टन ती चालवतात. त्यांची पद्धत मला फार आवडते. यंत्र विकत आणायचं, ठरलेल्या खोलीत ठेवायचं, उदबत्ती पेटवून खोलीत धूर करायचा, मग यंत्र सुरू करून हवेतले कण नाहीसे व्हायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. आवाज किती, वीज किती, गाळणी बदलायचा खर्च किती, तेही मोजायचं. नावाजलेल्या मासिकांच्या साइट्स यंत्र उघडूनही न बघता ‘सर्वोत्तम दहा’च्या याद्या छापतात आणि गूगल त्या याद्यांना वर बसवतं, असा लेख या दोघांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुराव्यानिशी लिहिला. त्यानंतर मार्चचा कोअर अपडेट, म्हणजे गूगलच्या क्रमवारीतला मोठा सर्वसाधारण बदल, आला. ५ मार्चला सुरू झालेला हा बदल १९ एप्रिलपर्यंत चालला. मे महिन्यात हाउसफ्रेशने आपले आकडे जाहीर केले: ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलवरून दिवसाला चार हजार लोक येत, ते आता दोनशेवर आले होते.

सिंघल यांच्या यादीतल्या प्रत्येक प्रश्नाला या साइटकडे चांगलं उत्तर होतं. तिच्यावर दंड नव्हता, तांत्रिक बिघाड नव्हता, खोटे दुवे नव्हते. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. ‘साइट पडली म्हणजे तुमचंच काहीतरी चुकलं असणार’ हे सल्लागारांचं आवडतं गृहीतक इथे टिकत नाही.

हाउसफ्रेशने काय केलं? त्यांनी परीक्षणं थांबवली नाहीत. सापडलेला पुरावा प्रत्येक वेळी सार्वजनिक केला. ज्या वाचकांना गूगलमध्ये त्यांचं पान सापडत नव्हतं त्यांना थेट आपल्याकडे यायला सांगितलं. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पुढचा कोअर अपडेट सुरू झाला, आणि छोट्या निर्मात्यांनी मांडलेल्या तक्रारींचा विचार या बदलात केल्याचं गूगलने सांगितलं. हाउसफ्रेशचे काही शोध त्यानंतर परत मिळू लागले. बहुतेकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, आपल्याकडे वसुबारस होऊन धनत्रयोदशी लागली होती तेव्हा, गूगलने अशा सुमारे वीस साइटमालकांना माउंटन व्ह्यूच्या मुख्यालयात बोलावलं. तिथे गेलेल्यांनी नंतर लिहिलं, की तुमच्या साइटमध्ये दोष नाही असं त्यांना सांगण्यात आलं, तेव्हा गूगलच्या वतीने लोकांशी बोलणारे डॅनी सुलिव्हन यांनी माफीही मागितली, पण गेलेले वाचक परत केव्हा येतील, किंवा येतील का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. त्या वीस जणांपैकी काहींनी तोवर माणसं कमी केली होती, काहींनी दुसरी नोकरी धरली होती. माफी मिळाली हे चांगलं झालं. भरपाई मिळाली नाही.

अल्गोरिदमच्या तडाख्यात सापडलेल्या मराठी साइटने मग करायचं तरी काय? अपडेट पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरही आठवडाभर जाऊ द्यायचा, हे गूगलचं सांगणं योग्य आहे. चालू अपडेटमध्ये क्रमांक वरखाली होत असतात. मग कुठली पानं पडली आणि कुठली टिकली यांची यादी करायची. हे काम एका संध्याकाळी होतं आणि फार शिकवतं. उखाण्यांचं उदाहरण घेऊ. नवरीचे उखाणे, नवरदेवाचे उखाणे, सोपे उखाणे, छोटे उखाणे, संक्रांतीचे उखाणे, डोहाळजेवणाचे उखाणे, बारशाचे उखाणे, सत्यनारायणाचे उखाणे अशी वेगवेगळी पानं, आणि आत तेच पन्नास उखाणे क्रम बदलून. ही पानं कुणा नवरीसाठी लिहिलेली नसतात. कुठला शब्द किती वेळा शोधला जातो ते सांगणाऱ्या तक्त्यासाठी लिहिलेली असतात. ती एकत्र करून एक नीट पान करावं, बाकीच्यांवरून तिकडे वळण लावावं. आजीकडून ऐकलेले, कोकणात एक आणि खानदेशात दुसरा असे उखाणे कुणाकडे असतील तर ते घालावेत, कुठे ऐकले ते लिहावं. ती माहिती दुसऱ्या कुठल्याही साइटकडे नाही.

जुने लेख सरसकट उडवणं मात्र टाळावं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सीनेट या मोठ्या तंत्रज्ञान-साइटने शोधात वर येण्यासाठी हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली, तेव्हा लेख जुना आहे एवढ्यासाठी काढू नका असं गूगलला सांगावं लागलं. एखाद्या जुन्या कापूस आंदोलनावरचा लेख आज कुणी वाचत नसेल. ज्याला तो हवा असेल त्याला मात्र दुसरीकडे मिळणार नाही. तसंच लेखाला हात न लावता वरची तारीख आजची करणं, न लिहिणाऱ्या ‘तज्ज्ञां’ची नावं आणि फोटो चिकटवणं, हे उपाय सर्रास विकले जातात. ते वाचकाशी खोटं बोलणं आहे आणि मी कुणालाही ते करू देत नाही, मग साइट वर येवो की न येवो.

उत्पन्नाचा प्रश्न उरतोच. शोधातून येणारे वाचक गेले की जाहिरातीचा महसूल त्याच महिन्यात जातो आणि सुधारणांचं फळ यायला कित्येक महिने लागतात. हे महिने निभावून नेणं हाच सावरण्याचा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि मार्गदर्शक पुस्तिकांत त्यावर ओळही नसते. ज्यांच्याकडे वाचकांचे ईमेल पत्ते आहेत, व्हॉट्सॲपवर दिवाळीच्या फराळाची कृती मागणारा गट आहे, छापील पुस्तिका किंवा वर्ग आहेत, ते तग धरतात. ही जोड पडझडीच्या आधी उभी करावी लागते. गूगलवरून वाचक भरभरून येत असताना त्यातल्या थोड्यांना तरी नावाने ओळखायला लागावं.

आणि आता चौथा प्रकार. क्रमांक जागेवर, इंप्रेशन्स जागेवर, वाचक गायब. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गूगलने निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या लोकांच्या मार्च २०२५ मधल्या वापराचा अभ्यास केला. सारांश नसलेल्या पानांवर १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या नेहमीच्या दुव्यावर क्लिक केलं. सारांश असेल तेव्हा ८ टक्के. इथे साइट पडलेलीच नाही, त्यामुळे तिला उचलायचं कसं हा प्रश्नही लागू होत नाही. मोदकांची उकड किती वेळ वाफवायची ते तिच्याच मजकुरातून उचलून वर सांगितलेलं असतं.

या घसरणीचं नाव सांगायला मालकाकडे पुरावाच नाही. सारांशातून आलेले क्लिक आणि इंप्रेशन्स सर्च कन्सोलमध्ये नेहमीच्या शोधातच मिसळून मोजली जातात, हे २०२५ मध्ये गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं. मोजणी करणाऱ्याला ती वेगळी दाखवणं अवघड नाही. सर्च कन्सोलमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि मराठी साइट चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन तो मागायला हवा. तोवर हाताने नोंद ठेवावी. आपले महत्त्वाचे तीस-चाळीस प्रश्न देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही प्रकारे शोधावेत, कारण आपला वाचक दोन्ही प्रकारे टाइप करतो. वर सारांश येतो का, त्यात आपला दुवा आहे का, आणि त्या आठवड्यात त्या पानावर किती क्लिक आले ते वहीत तारखेसह लिहावं. शेजारी तिथीही लिहावी.